मुंबईच्या रुग्णालयांतील संशोधन आणि रुग्णाचा वाटा

वैद्यकशास्त्राचा इतिहास सांगताना शोध लावणाऱ्याचे नाव प्रथम येते, ज्या संस्थेत शोध लागला तिचे नाव त्यामागून येते, आणि ज्याच्या अंगावर त्या शोधाची परीक्षा झाली त्या माणसाचे नाव बहुधा येतच नाही. आजच्या व्याख्यानात मला या तिसऱ्या माणसाविषयी बोलावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे, आणि कॉलेजात शिकून इतिहासाचा अभ्यासक झालेलाही नव्हे. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु कामगारांत तीस वर्षे काढलेल्या माणसाला रुग्णालयाची ओळख वेगळी करून घ्यावी लागत नाही. विरारहून पहाटेची गाडी पकडून परळला वा मुंबई सेंट्रलला उतरायचे, केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, आणि दुपारच्या गाडीने परत यायचे, हा आपल्या वसई तालुक्यातील शेकडो घरांचा क्रम आहे. ज्या रुग्णालयांत आपण औषधासाठी जातो त्यांतच नवे ज्ञानही निर्माण होते. त्या ज्ञानाशी आपला संबंध काय, हा आजचा प्रश्न आहे.

शिकविणारे रुग्णालय

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्याला लागूनच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय होते. व्याख्यान कॉलेजात ऐकावे आणि रोग रुग्णालयात पाहावा, अशी ही जोड होती. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. आपले डॉ. भाऊ दाजी लाड त्याच तुकडीतले.

अशा ठिकाणी संशोधन का होते, याची कारणे साधी आहेत. एकाच रोगाचे शंभर रोगी एका छताखाली येतात, त्यांची नोंद राहते, सूक्ष्मदर्शक यंत्र हाताशी असते, आणि ‘हे असे का?’ म्हणून विचारणारा विद्यार्थी बाजूला उभा असतो. पण आणखी एक कारण आहे, ते पुस्तकात क्वचितच सांगतात. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत माणूस रुग्णालयात जात नसे. डॉक्टर त्याच्या घरी जात असे. रुग्णालयात येई तो गिरणीतला, गोदीतला, नाहीतर दुष्काळाने गाव सुटलेला. म्हणजे ज्या देहांवरून वैद्यकशास्त्र शिकविले गेले ते देह गरिबांचे होते. हे कोणावर दोषारोप करण्यासाठी मी सांगत नाही. पुढचे सारे समजण्यासाठी ही गोष्ट मनात धरून ठेवावी लागते.

डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचे उदाहरण घ्या. ‘ग्रे’ज अ‍ॅनाटमी’ या जगप्रसिद्ध शरीरशास्त्राच्या ग्रंथातील आकृत्या काढणारे ते हेच. १८५८ साली ते मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले, मध्यंतरी साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते, आणि पुढे त्याच कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दक्षिणेतली माणसे अन्नासाठी मुंबईत लोटली, आणि त्यांच्याबरोबर एक ताप आला. चढे, उतरे, आणि काही दिवसांनी पुन्हा उलटे. कार्टर यांनी त्या तापकऱ्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात मळसूत्रासारखे वळलेले जंतू वळवळताना दिसले. बर्लिनला ओबरमायर यांनी असे जंतू आधी पाहिले होते. कार्टर यांनी ते हिंदुस्थानातील रोग्यांत दाखविले, आणि रोग्याच्या रक्ताने माकडाला ताप आणून जंतू व रोग यांचा संबंध जोडला. १८८२ साली त्यांचा या तापावरील ग्रंथ निघाला. तो ग्रंथ मोलाचा आहे, पण त्यातील रक्त दुष्काळात उपाशी चालत आलेल्या माणसांचे आहे.

प्लेग आणि गिरणगाव

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे, असे स्पष्ट सांगितले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग, आणि जेथे धान्य तेथे उंदीर. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसाला देतो, हे त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. त्यामुळे सरकारने जे उपाय योजले ते सारे माणसांवर रोखलेले होते. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपालिटीने हुकूम काढला की रोगी सापडेल तेथून त्याला सक्तीने रुग्णालयात हलवावे आणि त्याच्या घरच्यांना वेगळे काढावे.

याचा परिणाम काय झाला? २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चाल करून गेले. पुढच्या काळातील काही लेखकांनी या प्रसंगाला अडाण्यांचा दंगा म्हणून निकालात काढले. मला तसे म्हणवत नाही. त्या कामगारांच्या दृष्टीने पाहा. चाळीतल्या खोलीतून माणूस उचलून नेतात; नेलेला बहुधा परत येत नाही; बायकोला भेटू देत नाहीत; आत काय चालते ते कोणी सांगत नाही. अशा वेळी माणसाची कल्पना रिकामी जागा भरून काढते. रुग्णालयात माणसाला टांगून त्याच्या देहातून मोमियाई काढतात, अशी अफवा शहरभर उठली. अफवा खोटी होती, पण ज्या मौनातून ती जन्मली ते मौन खरे होते. शहरातील सफाई कामगार भिऊन निघून गेले तर काय होईल, हे सरकारलाही कळत होते. महिनाअखेर तो हुकूम सौम्य करावा लागला.

लोक मात्र निघालेच. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांपैकी सुमारे पावणेचार लाख माणसे शहर सोडून गेली. कोणी बोटीने कोकणात गेले, कोणी घाट चढून देशावर गेले, कोणी आपल्या या बी. बी. सी. आय. रेल्वेने उत्तरेस गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. रस्त्याच्या कोपऱ्यावर कामगारांची बोली लागे आणि रोजचा पगार रोज चुकता करावा लागे. कामगाराला भाव आला तो मरणाच्या भीतीमुळे, हा आमच्या चळवळीच्या इतिहासातील एक विचित्र अध्याय आहे.

त्याच चळवळीचे जनक रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे त्या वेळी मुंबईतच होते. १० जून १८९० रोजी गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. प्लेगात पळून जाणे त्यांना अशक्य नव्हते. ते राहिले, रोग्यांची सेवा केली, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच वारले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यास सावित्रीबाई फुले याच सेवेत याच रोगाने गेल्या. रुग्णालयाविषयी लोकांच्या मनात विश्वास निर्माण झाला असेल, तर त्यात अशा माणसांच्या मरणाचा भाग मोठा आहे.

एक खोली आणि एक व्हरांडा

ऑक्टोबर १८९६ मध्येच डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. जन्म १८६० साली ओडेसा येथे, ज्यू घराण्यात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ पासून ते हिंदुस्थानात पटकीची लस टोचीत फिरत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, तिच्यालगतचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई देण्यात आले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

तिची रीत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवावयाचे. परंतु गाईचे वा डुकराचे मांस वापरले तर येथे लस कोण घेईल? म्हणून बोकडाचे मांस घेतले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, तेव्हा त्या थेंबांच्या खाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढू लागले. बाटली हलविली की ती झुंबरे गळून तळाशी बसत आणि वर नवी धरत. असे काही आठवडे चालवून मग तो रस्सा तापवून जंतू मारीत. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला त्यांची ओळख पटते आणि जिवंत जंतू आला तर ते झुंजावयास तयार असते. आपल्या स्वयंपाकघरातील तूप जगाच्या वैद्यकात असे कामास आले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेहून पुष्कळ मोठी. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि ते बरे झाले. त्यानंतर कॉलेजातील डॉक्टर व इतर मंडळी पुढे आली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांना विचारण्यात आले; ज्यांनी होकार दिला त्यांना टोचले, बाकीच्यांना तसेच ठेवले. दोन्ही गट एकाच इमारतीत राहत होते आणि एकच अन्न खात होते. टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी राहिले. लस उपयोगी आहे, याचा पहिला मोठा पुरावा हा.

येथे युनियनवाल्या माणसाला एक शंका येते. तुरुंगातल्या माणसाने ‘हो’ म्हटले, त्या ‘हो’ची किंमत किती? बदली कामगार मुकादमासमोर उभा राहून ओव्हरटाइमला ‘हो’ म्हणतो, ते ‘हो’ आम्ही पूर्ण खुषीचे मानीत नाही. मग कैद्याचे कसे मानावे? आजच्या नियमांनी पाहिले तर हा प्रयोग सहज मंजूर झाला नसता. तरीही न्यायाने दोन गोष्टी हाफकिन यांच्या बाजूला टाकल्या पाहिजेत. पहिली ही की दुसऱ्याच्या दंडात सुई घालण्यापूर्वी त्यांनी ती स्वतःला घातली. दुसरी ही की लस ऐच्छिक असावी, हा त्यांचा आग्रह होता. याच साली सरकारने साथरोगाचा कायदा केला. पुण्यास सोल्जर घरांत शिरले, आणि २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. एकाच साली, एकाच रोगावर, एक मार्ग सक्तीचा होता आणि एक विचारून टोचण्याचा. पहिल्याने लोक रोगी लपवू लागले. दुसऱ्याने, हळूहळू का होईना, दंड पुढे करू लागले.

पुढे ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १८९९ साली तिचे उद्घाटन झाले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. मधल्या काळात त्यांच्यावर मोठे संकट आले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी टोचलेल्या माणसांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सारी १९ माणसे एकाच बाटलीतून टोचलेली. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. कागदपत्र मात्र शिल्लक होते. त्यांवरून दिसून आले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली, तेव्हा १९०७ साली ते दोषमुक्त झाले. नोंद नीट ठेवली तर ती निरपराध माणसाला सोडविते, हे आम्हांला डोमेस्टिक एन्क्वायरीत रोज दिसते. पण त्या १९ गावकऱ्यांच्या घरी काय पोचले, याविषयी इतिहासाचे हे प्रकरण फारसे बोलत नाही.

परळचे रुग्णालय

विसाव्या शतकात संशोधनाचा मोहरा परळकडे वळला. शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. देणगी देणाऱ्यांची अट अशी की येथील शिक्षकवर्ग सरकारी नोकरीबाहेरच्या हिंदी डॉक्टरांचा असावा. डॉ. जीवराज मेहता तेथील पहिले डीन. पुढे १९६० मध्ये ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. जागा मात्र गिरण्यांच्या मधोमध. भोंगा झाला की ज्या रस्त्याने कामगार वाहत असत, त्याच रस्त्यावर हे रुग्णालय.

येथे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम पद्धतशीर तपासला. मुळी आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. वकिलांनी ५० रोगी घेतले, औषधापूर्वीचा व नंतरचा दाब मोजला, आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. ते वाचून अमेरिकेत प्रयोग झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज रक्तदाबावर त्याहून चांगली औषधे निघाली आहेत, पण रक्तदाब गोळीने उतरविता येतो, हा विश्वास जगाला देण्यात त्या ५० रोग्यांचा वाटा आहे.

दुसरा शोध आपल्या अधिक जवळचा आहे. १९५२ साली के. ई. एम.मध्ये रक्ताची गरज असलेले दोन रोगी आले. एक रेल्वे अपघातातला, दुसरा भोसकला गेलेला. तपासणीत दोघांचेही रक्त ‘ओ’ गटाचे भासे, पण ‘ओ’ रक्तदेखील त्यांना जुळेना. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पिच्छा पुरविला, तेव्हा कळले की सर्वसाधारण माणसांच्या रक्तपेशींवर असणारा ‘एच’ नावाचा घटकच या रक्तात नाही. ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या रक्तगटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडले. आपल्या देशात दहा हजारांत सुमारे एकाचे रक्त असे असते. युरोपात ते दहा लाखांत एखाद्याचे. अशा माणसाला दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचेच रक्त चालते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे असे रक्त अधिक आढळते, आणि त्या भागातील हजारो कुटुंबे आज नालासोपारा-विरारला राहतात. तेव्हा ही माहिती आपल्या रक्तदान शिबिरांच्या चालकांनी जवळ बाळगावी. अपघातात सापडलेल्या त्या दोघांमुळे पुढच्या अनेकांचे प्राण वाचले.

तिसरे काम फुप्फुसांचे. गिरणीच्या ब्लोरूममध्ये आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ उडते. तेथील कामगाराची छाती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून येते, आठवड्याच्या शेवटी जरा हलकी वाटते. वर्षे लोटली की दम कायमचा मुक्कामाला येतो. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. आमचे जुने कामगार त्याला नुसते ‘गिरणीचा दमा’ म्हणत आणि तो नशिबाचा भाग समजत. के. ई. एम.च्या छातीविकार विभागात डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या काळात गिरणीकामगारांचे श्वास मोजले आणि हा रोग मुंबईत आहे, हे आकड्यांनी दाखविले. नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत त्याचे नाव आहे. तरीही दावा सांगणारे थोडे निघाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार पांगले, आणि कित्येकांची छाती कोणत्या खात्याने खाल्ली याचा कागदच उरला नाही. ज्यांच्या छातीतून ते ज्ञान निघाले त्यांच्यापर्यंत ते परत पोचले नाही.

आज काय मागावे?

मी एकदा आमच्या एका निवृत्त फिटरबरोबर एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. त्याच्या हाती चार पानांचा इंग्रजी कागद देण्यात आला आणि सही कोठे करावयाची ते बोटाने दाखविण्यात आले. त्याने मला विचारले, ‘ह्यात औषध आहे की तपास?’ मी तोच प्रश्न डॉक्टरांना केला. तरुण डॉक्टर घाईत होते, पण माणूस चांगला. खुर्ची ओढून बसले आणि दहा मिनिटांत मराठीत सारे सांगितले: औषध नवे आहे, निम्म्यांना नवे आणि निम्म्यांना जुने मिळणार, नको असेल तर नेहमीचा उपचार चालू राहील. फिटरने सही केली. ती दहा मिनिटे प्रत्येक रोग्याचा हक्क आहेत, एवढेच माझे म्हणणे.

आणि आज तो हक्क कायद्यानेही दिलेला आहे. जर्मनीत बंदिवानांवर डॉक्टरांनी केलेले अत्याचार उघडकीस आल्यावर १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले की माणसाच्या स्वखुषीच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करता कामा नये. १९६४ मध्ये जागतिक वैद्यक संघाने हेलसिंकी येथे तेच तत्त्व मान्य केले. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८० पासून नीतिनियम घातले. औषधचाचण्यांत माणसे दगावल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यानंतर २०१३ साली नियम कडक झाले, आणि २०१९ च्या नव्या नियमांनी त्यांना आजचे रूप दिले. रोग्याला समजेल अशा भाषेत माहिती देणे, नीतिसमितीची मंजुरी घेणे, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई देणे, हे सारे त्यांत आहे. कायदा आहे, तो वापरणारा माणूस हवा.

याचा अर्थ संशोधनाला नकार द्यावा असा कोणी घेऊ नये. सरळ सांगतो, ज्या रुग्णालयात संशोधन थांबते तेथे शिकविणेही शिळे होते, आणि शिळ्या शिक्षणाचा पहिला बळी पुन्हा गरीब रोगीच असतो. आपण नकार देऊ लागलो तर कामगारांच्या रोगांवर कोणी काम करणार नाही. श्रीमंतांच्या रोगांवर मात्र होतच राहील. आज वसई-गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यांत रंग, रसायन, धातूची भुकटी यांत काम करणाऱ्या माणसांच्या छातीची आणि कानांची तपासणी व्हावी, असे मला वाटते. त्यासाठी युनियनने स्वतः मेडिकल कॉलेजच्या दारात जावे, डॉक्टरांना बोलवावे, कामगारांना समजावून द्यावे आणि माणसे उभी करावीत. मात्र तीन अटी घालाव्यात. तपासणीपूर्वी ती कशासाठी हे मराठीत वा हिंदीत सांगावे. नाही म्हणणाऱ्याची नोकरी वा उपचार जाऊ नये. आणि निष्कर्ष निघाल्यावर तो मासिकात छापण्याबरोबर त्याच कामगारांच्या सभेतही वाचून दाखवावा.

१८९६ च्या ऑक्टोबरात आर्थर रोडवर गेलेल्या कामगारांच्या हाती दगड होते, कारण आत काय चालते हे विचारण्याची दुसरी वाट त्यांच्यापाशी नव्हती. आपल्यापाशी ती आहे. तिचा उपयोग करणे हे नागरिकांचे काम आहे.